उत्तरेकडचं दार

आमच्या गावच्या चर्चच्या दुरुस्तीची यादी मी केली तेव्हा तिच्यात सदतीस कामं होती. उत्तरेकडचं दार बंद करणं हे त्यातलं एकविसावं. विसावं होतं छपरातली वटवाघळं आणि बाविसावं पावसाळी पन्हळ. म्हणजे त्या दाराबद्दल मी वटवाघळांपेक्षा जास्त विचार केला नव्हता. हे लिहायला बसले ते त्यामुळेच.

गाव कुर्डुवाडीच्या पुढे, केमच्या बाजूला, रुळांना लागून. मी राहते सोलापुरात, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. महिन्यातून दोन रविवार सकाळच्या गाडीने गावी जाते. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, पाच गावं आहेत, ते आमच्याकडे त्याच दोन रविवारी येतात. चर्चच्या कमिटीत मी एकटी बाई. वही ठेवते, पावत्या ठेवते, दिलेल्या वेळेला पोहोचते, म्हणून दुरुस्ती माझ्याकडे आली. कोणी आग्रह केला नव्हता. मीच हात वर केला होता.

चर्च लहान आहे. आत साठ माणसं बसली की दाटी होते. लोहमार्गाचं काम चाललं होतं तेव्हा इथे इंग्रज अधिकाऱ्यांचे पाच-सहा बंगले होते. त्यांच्या रविवारच्या उपासनेसाठी ते बांधलं, त्यांच्या देशातल्या अँग्लिकन पद्धतीचं. दगड पुलाच्याच खाणीतला, काळा. चुनाही पुलासाठी मळलेल्या चुन्यातलाच असणार. आराखडा ज्याने काढला त्याने आपल्या गावाकडचं चर्च डोळ्यांपुढे ठेवलं असावं, कारण छप्पर इतकं उताराचं आहे की जणू आमच्याकडे बर्फ पडतो. त्या छपराखाली त्याला तोलणाऱ्या सागवानी कैच्या आहेत आणि त्यांना ताण द्यायला चक्क जुन्या रुळांचे तुकडे वापरलेत. खिडक्या अरुंद, वर टोकदार कमानीच्या. तिकडे म्हणे असल्या खिडक्यांतून ऊन पुरत नाही. इथे मे महिन्यात तेच वरदान ठरतं. दोन खिडक्यांच्या मध्ये भिंतीला टेकू म्हणून बाहेरून दगडी धिरे दिलेत, खाली रुंद आणि वर निमुळते. पश्चिमेच्या भिंतीवर एका लहान कमानीत घंटा आहे आणि तिच्याखाली मोठं दार. पूर्वेला वेदी, तिच्यामागे तिहेरी खिडकी. उत्तरेच्या भिंतीत वेदीपासून जरा अलीकडे ते छोटं दार होतं. बाहेर लिंबाचं झाड.

मी सलग दोन रविवार टेप घेऊन सगळं मोजलं होतं. वहीत अजून आहे: खिडक्या, दक्षिणेला चार, उत्तरेला तीन, पूर्वेला एक तिहेरी. प्रत्येकीची रुंदी दोन फूट नऊ इंच. छोटं दार, रुंदी दोन फूट नऊ इंच, वर टोकदार कमान, फळ्या कुजलेल्या, बिजागरी एकच. हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय, खाली रेघ मारून.

आमच्या घरात त्या दाराला ‘मागचं दार’ म्हणत. माझे आजोबा मिशनच्या शाळेचे मास्तर. ते नगरकडून आले होते. त्यांना साहेबांच्या उपासनेत बसायला जागा होती आणि गावातल्या मंडळींना शुभवर्तमान वाचून दाखवायचं कामही. त्यामुळे आमचं घर पहिल्यापासून मोठ्या दाराने आत जायचं. लहानपणी मी खेळताना त्या दाराकडे वळले की आई म्हणायची, तिकडून नको, चिखल असतो. वडील थोडं जास्त सांगायचे. मोठं दार साहेबांचं होतं आणि आपल्या लोकांना त्या मागच्या दाराने आत घ्यायचे, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्यांना त्याची खरोखर लाज वाटायची. ती लाज मी जशीच्या तशी घेतली. मोठी झाले, चार पुस्तकं वाचली आणि मला वाटू लागलं की देवाच्या घराच्या भिंतीत अपमानाची खूण कशाला ठेवायची?

शिवाय व्यवहाराची कारणं होतीच. फळ्या कुजल्या होत्या, शेळ्या आत शिरत होत्या, एकदा ध्वनिक्षेपकाची बॅटरी त्याच दाराने गेली होती. एका कामात दोन कामं होतात याचा मला आनंद झाला. कमिटीत विषय पाव तासात संपला. पाळकसाहेब तरुण आहेत, मोटरसायकलवर येतात, उत्साही. ते म्हणाले, नुसतं बुजवू नका, तिथे एक शिळा बसवू, लोकांना कळलं पाहिजे. मजकूर मी लिहिला: ‘ज्या दाराने आपल्या पूर्वजांना वेगळे ठेवून आत घेतले जाई, ते भेदाचे दार मंडळीने येथे कायमचे बंद केले.’ त्याखाली, कोणाच्या हस्ते, ते.

त्याच सुमारास मी चर्चच्या इतिहासाची सोळा पानांची पुस्तिकाही केली. तीन संध्याकाळी लिहून काढली. सहाव्या पानावर ते दार आणि त्यातून वाकून आत येणारे पूर्वज. जवळ काय होतं? दोन जुनी रजिस्टरं, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं वास्तुशास्त्राचं एक पुस्तक आणि वडिलांचं बोलणं. ‘वयस्कांच्या आठवणी’ असा मुद्दा माझ्या टिपणात होता, त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, ‘वेळ मिळाल्यास’. वेळ मिळाला नाही. वेळ मिळाला नाही म्हणजे काय, तर स्टेशनवरून चर्चकडे जाताना मी आबांच्या घरावरूनच जात होते, दर वेळी, आणि अंगणात ते बसलेले असायचे, आणि मी घड्याळ बघत हात जोडून पुढे निघायचे.

आबा म्हणजे आमच्या मंडळीतले सर्वांत वयस्क सभासद. ऐंशीच्या पुढचे. रेल्वेत गँगमन होते. गावातली निम्मी मंडळी त्यांच्या भावकीतली. ही सगळी माणसं त्या छोट्या दारानेच येत-जात. आबा तर आत आल्यावर दाराला लागूनच खाली बसत. बाकं आली तरी ते बाकावर गेले नाहीत. मला वाटायचं, जुनी सवय, भिडस्तपणा, अंगात मुरलेला. शेवटचा दगड त्यांच्याच हाताने बसवायचा हे मी ठरवलं. याहून योग्य माणूस कोण?

सांगायला गेले तेव्हा ते अंगणात शेंगा निवडत होते. मी उभ्या उभ्या सगळं समजावलं: भेद, समानता, शिळा, कार्यक्रमाची वेळ. ते ऐकत राहिले. मला त्यांनी मांडीवर खेळवलंय, तरी मास्तरांची नात म्हणून ते मला ताई म्हणतात आणि तुमी म्हणतात. त्यांनी एकच विचारलं.

“म्हंजी, पार बुजवायचं?”

मी म्हटलं, हो आबा, आता कोणालाही मागच्या दाराने यावं लागू नये.

“तुमी म्हंता तर,” ते म्हणाले आणि शेंगा निवडू लागले.

मी वहीत त्यांच्या नावापुढे ‘होकार’ लिहिलं.

सुगीच्या उपकारस्तुतीचा, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार होता. बाकांच्या टोकांना ज्वारीची ताटं बांधलेली, वेदीपुढे भोपळे, मेथीच्या जुड्या, हुरड्याची कणसं, कोणी आणलेला एक जिवंत कोंबडा. गवंड्याने दार खालपासून वरपर्यंत भरत आणलं होतं, एका दगडाची जागा राखली होती. आबा धुतलेलं धोतर नेसून आले. टोपी काढून सुनेकडे दिली. गवंड्याने थापी हातात दिली तेव्हा त्यांनी ती हातात तोलून बघितली, माल लावला आणि दगड बसवला. टाळ्या झाल्या. फोटो झाले. त्यांचा हात दगडावरच राहिला. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. कार्यक्रम अकरा मिनिटं मागे चालला होता. बिशप कार्यालयाच्या पाहुण्यांना गाडी गाठायची होती. मी त्यांच्या कोपराला धरून म्हटलं, “आबा, चला.”

ते चालू लागले. त्या दिवसातलं मला दुसरं काही इतकं स्पष्ट आठवत नाही. पातळ कोपर, आणि माझी घाई.

त्यानंतरच्या माझ्या पहिल्या रविवारी आबा आत नव्हते. बाहेर लिंबाखाली, गोणपाट टाकून, बुजवलेल्या जागेजवळ भिंतीला पाठ लावून बसले होते. उपासना संपेपर्यंत तिथेच. पुढच्या वेळीही तेच. मी निदान केलं: गुडघे. छोट्या दाराला पायरी नव्हती, मोठ्याला चार आहेत. मग यादीत अडतिसावं काम चढवलं, मोठ्या दाराला उतार आणि कठडा. महिन्यात करून घेतलं. मागच्या ओळीत त्यांच्यासाठी हाताची खुर्चीही ठेवली. आबा आले नाहीत. मला थोडा रागही आला. इतकं केलं, तरी बाहेरच बसायचं म्हणजे काय? मी त्यांच्या सुनेला म्हटलं, आबांसाठी मुद्दाम उतार केलाय हो.

“लई चांगला झालाय की,” ती म्हणाली. “शेळ्या बसत्यात त्येच्यावर.”

टोमणा कळला. त्याच्या मागचं काही कळलं नाही.

असं वर्षभराहून जास्त गेलं. नाताळ झाला, पुन्हा उन्हाळा आला. मग एका वास्तुशास्त्र महाविद्यालयाच्या प्राध्यापिका जुन्या इमारती बघत फिरत होत्या, त्यांना माझी पुस्तिका कोणीतरी दिली. त्या चर्च बघायला आल्या आणि मी रजा टाकून त्यांना दाखवायला गेले. मला आवडतं असं दाखवायला. उत्तरेच्या भिंतीपाशी आम्ही आलो तेव्हा त्यांनी माझ्या बोलण्यात मध्येच विचारलं, “ही चौथी खिडकी का बुजवली?”

मी म्हटलं, खिडकी नव्हे, दार होतं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. बुजवलेल्या दगडांच्या कडेने, जुन्या दगडांवर त्यांनी बोट फिरवलं. कमान खिडकीची आहे, त्या म्हणाल्या, अगदी शेजारच्यांसारखी, आणि धिऱ्यांमधलं अंतर बघा, इथे खिडकीच हवी. वरून इथपर्यंत, त्यांनी छातीच्या उंचीवर बोट टेकलं, इथपर्यंत मूळ काम आहे. त्याच्या खालचे दगड नंतर कोणीतरी कापून घडवलेत. आणि घडवणारा हात दुसरा आहे, जास्त चांगला. टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, रेघा बघा, केसासारख्या. मोठ्या दाराला असं काम नाही.

मी वही उघडली. दक्षिणेला चार, उत्तरेला तीन. दोन फूट नऊ इंच. दोन फूट नऊ इंच. मीच लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं.

“कोणी कापली असेल? आणि का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगते. त्यांनी शिळा वाचली, तिचा फोटो काढला आणि त्या पुढच्या खिडकीकडे वळल्या.

त्यांना स्टेशनवर सोडून मी आबांच्या घरी गेले. आबा बाजेवर बसले होते. या वेळी मी खाली बसले. सून चहा ठेवायला उठली आणि जाता जाता मला म्हणाली की दाराचं काढू नका, ते त्यावर बोलत नाहीत. मी काढलं. आबा, ती आधी खिडकी होती का?

ते म्हणाले, “व्हय. आता कशाला इचारता?”

मी म्हटलं, आधी विचारायला हवं होतं म्हणून.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मध्ये थांबून. त्यांचे आजोबा पुलाच्या कामावर दगड घडवायचे. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा यायचे. गावातल्या मंडळींचा बाप्तिस्मा झाला होता, पण तो नदीवर. चर्चमध्ये त्यांना जागा नव्हती. उपासना चाललेली असताना ही माणसं उत्तरेला, सावलीत, त्या चौथ्या खिडकीखाली बसून ऐकायची. कळायचं काही नाही, पण बसायची. इंग्रजी उपासना आटोपली की पाद्री खिडकीशी येऊन मोडक्या मराठीत बाहेरच्यांशी बोलायचा. एका पावसाळ्यात ही सगळी माणसं भिजत बसली होती. तेव्हा आजोबा पाद्र्याला म्हणाले की आम्हाला आत बसू द्या. पाद्र्याने रेल्वेच्या मोठ्या साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, मोठ्या दाराने आमची कुटुंबं येतात, ते जमणार नाही. पाद्री मान खाली घालून हे सांगायला आला. आजोबा त्याला म्हणाले, दार नको. ही खिडकी आमाला द्या.

पाद्री म्हणाला, घ्या. त्याने आणखी कोणाला विचारलं की नाही, ते आबांच्या घरात कोणाला माहीत नाही.

आजोबांनी आणि चौघांनी कामावरून सुटल्यावर, दिवस मावळेपर्यंत मिळेल तेवढ्या वेळात, पंधरा दिवसांत खिडकीखालची भिंत उतरवली. मजुरी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. आणि बाजूचे दगड आजोबांनी मुद्दाम साहेबाच्या दारापेक्षा बारीक टाकीने घडवले. नंतरच्या रविवारी अधिकाऱ्यांची कुटुंबं मोठ्या दाराने आत आली तर उत्तरेच्या बाजूला खाली चाळीस माणसं बसलेली. पुढच्या बाकावरच्या मडमेने वळून बघितलं म्हणे. पाद्र्याने उपासना सुरू केली. सुरू झाल्यावर कोण काय करणार?

आबांच्या घरातलं प्रत्येक तान्हं बाळ त्या दाराने आत गेलं होतं. प्रत्येक नवी सून. आणि माणूस गेलं की पेटी त्याच दाराने बाहेर. आबांची बायको तशीच गेली.

“मला बी तितनंच न्यायचं, असं ठरलं हुतं,” आबा म्हणाले.

माझ्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते मला बदलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मग आबा, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? म्हणजे तेव्हाही मी दोष कुठे ठेवता येईल ते बघत होते.

ते रागावले नाहीत. “तुमी पुस्तक छापून आनलं हुतं की. मास्तरांच्या घरचं पुस्तक. छापल्याव काय बोलायचं?” आणि मग, “मोठं दार आमाला बंद हुतं, ते खरं हाय. पर हे कुनी दिल्यालं न्हवतं. तुमी लिवलं, आमाला हितनं आत घ्यायचे. कोन घ्यायचं? आमी फोडून आत गेलो.”

सून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. आबा तिच्याकडे बघून म्हणाले, “नाताळात ह्यांच्या पुस्तकावनं नाटक बसवलं. आमच्या पणतीनं काम केलं. वाकून आत येती आन् रडती. लोकं म्हनली, लई झकास.” त्यांनी कपाळावरून हात फिरवला. “मी तिला म्हनलं, आगं, तुज्या रक्ताची मानसं छाती काडून शिरली हुती तितनं. ती म्हनली, बाईंनी आसंच सांगितलंय.”

ते नाटक मी बघितलं होतं. टाळ्यांमध्ये माझ्याही टाळ्या होत्या. रविवारच्या शाळेच्या बाईंना पुस्तिकेचं सहावं पान मीच खूण करून दिलं होतं.

मी म्हटलं, आबा, मी दार उघडून देते. पुढच्या महिन्यात.

“उगडा न्हायतर नका उगडू,” ते म्हणाले. “आदी ते पुस्तक.”

कमिटीची बैठक बोलावली. आठ दिवस आधी सूचना काढून, विषयपत्रिकेसह. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने काही करता येत नाही. पाळकसाहेबांना वाईट वाटलं. शिळेमुळे लोक येतात, त्यांनी सांगितलं, बिशप कार्यालयाच्या मासिकात फोटो आला आहे, साक्ष चांगली जाते. एक सदस्य म्हणाले की म्हाताऱ्याला पटत नव्हतं तर थापी हातात घ्यायचीच नव्हती. दुसरे म्हणाले, दर वर्षी एक दार बुजवू आणि एक फोडू, गवंड्याचं तरी भलं होईल. हशा पिकला. पाळकसाहेब मला म्हणाले, तुमचा हेतू चांगला होता, कशाला मनाला लावून घेता?

मी मुद्दे लिहून आणले होते, ते वाचले. पहिला, हा इतिहास ऐकीव होता आणि तो मी फक्त माझ्या घरात ऐकला होता. दुसरा, भिंत काय सांगत होती ते माझ्या वहीत होतं आणि मी ते बघितलं नाही. तिसरा, शिळेवर वाक्य माझं आहे आणि नाव आबांचं आहे. आपल्या आजोबांनी केलेली गोष्ट आपल्याच हाताने पुरली, असं त्या माणसाच्या नावावर आपण कोरून ठेवलंय. हेतू चांगला होता हे मी चौथा मुद्दा म्हणून लिहिलं होतं. आदल्या दिवशी खोडलं.

कोणी हसलं नाही. शिळा काढावी, दार पूर्ववत करावं, पुस्तिका दुरुस्त करावी, असं ठरलं.

पुस्तिकेच्या तीनशे प्रती छापल्या होत्या. सहाव्या पानावर चिकटवायला एक चिठ्ठी छापून घेतली. या वेळचा मजकूर आबांच्या समोर बसून लिहिला, त्यांना दोनदा वाचून दाखवला. एका ठिकाणी मी ‘परवानगी मिळाल्यावर’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं. मग डिंक घेऊन घरोघर गेले, चार रविवार. कोणाकडे पुस्तिका बायबलात जपून ठेवलेली, कोणाकडे फडताळात डब्यांखाली अंथरलेली. एक मावशी चिठ्ठी लावू देईनात. त्या म्हणाल्या, आधीचंच राहू द्या बाई, वाचलं की डोळ्याला पाणी येतं. मी त्यांच्याशी हुज्जत घातली, मग लाज वाटून थांबले. दोनशे दहा प्रतींना चिठ्ठी लागली. बाकीच्या पुण्या-मुंबईला, पाहुण्यांबरोबर, कुठे कुठे गेल्या आहेत. तिथे अजून आबांची माणसं वाकून आत जाताहेत.

दार उघडायला तोच गवंडी आला. बुजवताना मी त्याला बजावलं होतं की माल भक्कम कर, सिमेंट एकास वाळू तीन, पुन्हा काम निघता कामा नये. त्याला ते आठवत होतं. “ताई, सिमेंट लई धरलंय,” तो म्हणाला. जुना चुना असता तर दगड सुटे झाले असते. सिमेंट जुन्या दगडांनाही सोडेना. छिन्नी जपून लावली, तरी डाव्या बाजूला, हाताच्या उंचीवर, वीतभर ढलपी निघाली. केसासारख्या रेघा असलेला भाग होता तो. ढलपीचे तुकडे मी रुमालात गोळा केले. गवंडी म्हणाला, चिकटवून बघू का? मी म्हटलं, नको.

कार्यक्रम नको, माईक नको, असं आबांनी आधीच कळवलं होतं. साधा रविवार. पाळकसाहेबांचाही नव्हता तो, वडील मंडळींपैकी एकजण उपासना चालवणार होते. पण मी त्या दिवशीही गेले. उरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात होता. मी लिंबाखाली उभी होते. आबा काठी टेकत आले. मागे सून, पणती, भावकीतली आणखी काहीजण. दाराशी आल्यावर आबांनी काठी सुनेकडे दिली आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या दगडांवर ठेवले. उजवा हात वरखाली फिरवला. डावा फिरवताना ढलपी निघालेल्या जागेशी थांबला.

“हितलं गेलं,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

असू दे, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत. थोडा वेळ बोटं त्या खडबडीत जागेवर राहिली. मग त्यांनी पाय उचलला आणि ते आत गेले, आणि आतल्या अंगाला त्यांच्या जुन्या जागी, भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. त्यांच्यामागे सून गेली, पणती गेली, मग बाकीचे. मी शेवटच्या माणसामागे पुढे झाले. ठरवून नव्हे. सगळे चालले होते, मीही चालले. माझा एक पाय दाराच्या दगडावर पडलाही होता.

आबांनी मान वर केली.

“ताई,” ते म्हणाले, “तुमी तिकडनं या.”

आवाजात राग नव्हता. एसटी स्टँडवर एखाद्याला त्याची गाडी पलीकडे लागलीय असं सांगावं, तसं ते म्हणाले. सुनेने खाली बघितलं. आत पहिलं गीत सुरू झालं होतं.

मी पाय मागे घेतला. भिंतीच्या कडेने, तिन्ही खिडक्यांवरून, कोपऱ्याला वळसा घालून पश्चिमेला आले. मोठं दार सताड उघडं होतं आणि त्यात कोणी नव्हतं. मी चार पायऱ्या चढले, आत गेले आणि मागच्या बाकावर बसले. तिथून आबा दिसत नाहीत, मध्ये माणसं असतात. गीताचं दुसरं कडवं चाललं होतं. मी गीतांचं पुस्तक उघडलं आणि तिसऱ्यापासून म्हणू लागले.